आवाज मोठा की चांगला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



‘हाय-फाय’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. हॉटेल हाय-फाय असते, लग्न हाय-फाय असते, एखाद्याचे राहणीमानही हाय-फाय असते. मुळात हा शब्द आवाजाच्या दुनियेतला. ‘हाय फिडेलिटी’चे ते लघुरूप. फिडेलिटी म्हणजे एकनिष्ठा; आपल्या साध्या बोलीत सांगायचे तर इमान. गाणाऱ्याने जे गायले आणि वाजवणाऱ्याने जे वाजवले, त्यात पदरचे काही न घालता आणि त्यातले काही न गाळता जे यंत्र ते आपल्या कानापर्यंत पोचवते, ते हाय-फाय. किंमत, भपका, मोठा आवाज यांच्याशी या शब्दाचे मूळचे काही नाते नाही.

हे इमान उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावात ज्यांनी आपापल्या परीने सांभाळले, त्या रेडिओ-टेपच्या दुकानदारांविषयी आणि त्यांच्या बाकड्यावर तासन्‌तास बसणाऱ्या शौकिनांविषयी आज मला बोलायचे आहे. त्यांची आठवण काढायची हा हेतू आहेच. पण त्यांच्याकडून अजून एक काम करून घ्यायचे राहिले आहे, ते शेवटी सांगतो.

मोठ्या शहरांत या शौकाची ठिकाणे ठरलेली होती. मुंबईत सुटे भाग हवे असतील तर लॅमिंग्टन रोड, परदेशी जुना सेट हवा असेल तर चोरबाजार, आणि रेकॉर्ड किंवा सीडी घ्यायची असेल तर काळा घोड्याचे ‘ऱ्हिदम हाऊस’. तिथे आधी ऐकून मग विकत घेण्याची सोय होती. ते दुकान २०१६ साली बंद झाले. पुण्यात तपकीर गल्ली, नागपुरात सीताबर्डी. कॉस्मिक, सोनोडाइन, नॉर्ज अशा देशी कंपन्यांचे ॲम्प्लिफायर आणि स्पीकर या शहरांत मिळत. ज्यांचे नातेवाईक आखाती देशांत होते, त्यांच्या घरी जपानी सेट येत.

उमरखेडला यातले काहीच नव्हते. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा हा तालुका. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. आमचे जिल्ह्याचे ठिकाण यवतमाळ असले तरी नांदेड जवळचे. त्यामुळे इथल्या रेडिओवर नागपूर केंद्र लागे आणि परभणीही लागे. ज्याच्याकडे चांगला सेट आणि छपरावर लांब तार असे, त्याच्याकडे शॉर्टवेव्हवर सिलोन स्वच्छ लागे. अमीन सायानींची गीतमाला ऐकायला बुधवारी रात्री माणसे अशा घराच्या ओसरीवर जमत. कोणाचा सेट साफ बोलतो आणि कोणाचा घोगरा, याची चर्चा गावात तेव्हापासून सुरू झाली असावी. शौकाची पहिली शाळा ती.

एवढ्याशा गावात निव्वळ हाय-फायवर दुकान चालणे शक्य नव्हते. म्हणून एकाच शटरमागे चार धंदे असत. रेडिओ-टेपची दुरुस्ती, लग्नाला आणि सप्ताहाला भोंगे-स्पीकर भाड्याने देणे, कोऱ्या कॅसेटींची विक्री आणि लोकांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली गाणी कॅसेटमध्ये भरून देणे. हे शेवटचे काम कायद्यात बसणारे नव्हते, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. १९८४ साली कॉपीराइटचा कायदा त्यासाठीच अधिक कडक करण्यात आला. पण गावोगाव ते चाले. आणि दुकानाच्या मागच्या भिंतीला, गिऱ्हाइकाचा हात पोचणार नाही अशा फळीवर, मालकाचा स्वतःचा सेट असे. तो विक्रीला नसे. दुपारी दुकानात शांतता झाली की तो लागे आणि शौकीन गोळा होत.

हे शौकीन कोण? शाळेतले गुरुजी, एसटीचे कंडक्टर, अडतीवरचे मुनीम, पोफाळीच्या वसंत साखर कारखान्यातले फिटर. एकाला नाट्यसंगीताचे वेड, दुसरा कव्वालीचा दर्दी, तिसऱ्याला प्रल्हाद शिंदे आणि वामनदादा कर्डकांची गाणी तोंडपाठ, चौथा भजनी मंडळातला. एरवी गावात ही माणसे आपापल्या गल्लीत, आपापल्या उत्सवात राहणारी. या बाकड्यावर मात्र एकमेकांच्या आवडीचे गाणे ऐकून घेतल्याशिवाय आपले गाणे लावून मिळत नसे. दुकानदाराचा तो अलिखित नियमच. असे करता करता कव्वालीवाल्याला अभंगातला पखवाज कळू लागे आणि भजनवाल्याला कव्वालीतली टाळी. गावात असे एकत्र बसून ऐकण्याच्या जागा किती असतात, याचा आपण कधीतरी विचार करावा.

नवा गिऱ्हाईक आला की संभाषण बहुधा ठरलेले असे.

“भाऊ, आवाज मोठा पायजे.”

“मोठा पायजे का चांगला पायजे?”

“दोन्ही.”

“मग बसा. आधी ऐका, मंग बोलू.”

या ‘आधी ऐका’मध्ये सगळे शिक्षण होते. कंपनीच्या सेटला पैसे नसत, म्हणून ॲम्प्लिफायर बहुधा जुळवलेला. बारा-झिरो-बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, पत्र्याचा डबा, ॲल्युमिनियमच्या पंखांचा हीट सिंक आणि त्यावर बसवलेले टूएन ३०५५ नावाचे लोखंडी टोपीचे ट्रान्झिस्टर. पुढे ४४४० या क्रमांकाची आयसी आली आणि काम सोपे झाले. ही आयसी मुळात मोटारीतल्या टेपसाठी बनवलेली, म्हणून बारा व्होल्टच्या बॅटरीवर सुखाने चाले. आमच्याकडे भारनियमनाच्या काळात बारा-बारा तास वीज नसे. तेव्हा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा हा ॲम्प्लिफायर म्हणजे वरदान होते. उसाच्या ट्रॅक्टरवर वाजणारी गाणी बहुधा याच आयसीतून निघत.

स्पीकरसाठी लाकडी पेटी परवडली नाही तर माठ. होय, पाण्याचा माठ. त्याच्या तोंडावर स्पीकर उलटा बसवायचा आणि कडेने कणीक किंवा एमसील लावून फट बुजवायची. शहरातली मंडळी याला हसत. पण त्यामागचे शास्त्र पक्के आहे. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढून निघालेली लाट आणि मागून निघालेली लाट एकमेकींच्या बरोबर उलट. स्पीकर उघडा ठेवला तर मागची लाट कडेने वळसा घालून पुढे येते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. खालच्या पट्टीतला आवाज सगळ्यात आधी मरतो, कारण त्याची लाट लांब असते. शंभर हर्ट्‌झच्या आवाजाची लाट जवळजवळ साडेतीन मीटरची. तबल्यातली चाट ऐकू येते आणि डग्ग्याची घुमक नाहीशी होते. मागची लाट कोंडून ठेवायची म्हणून पेटी. माठ जाड असतो, जड असतो, स्वतः थरथरत नाही, आणि त्यात समोरासमोरच्या सपाट भिंती नसल्याने लाटा आतल्या आत आदळत राहत नाहीत. माठाला स्वतःची एक घूम असते, हा त्याचा दोष. त्यावर उपाय म्हणजे आत थोडा कापूस भरणे. कापूस तर आमच्या जिल्ह्याचे पीकच. परदेशी कंपन्यांच्या महागड्या पेट्यांतही लोकर किंवा कृत्रिम कापूस भरलेला असतो, तो याच कारणासाठी.

दुकानदार आणखी एक गोष्ट शिकवत असे, ती म्हणजे वॉटचे गणित. १९९०च्या दशकात बाजारात अशा टेप-रेकॉर्डरची लाट आली, ज्यांच्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत ‘१००० वॉट पीएमपीओ’ असे छापलेले असे. गिऱ्हाईक भुलून जाई. दुकानदार सेट उलटा करून मागची पट्टी दाखवी. “हे वाचा. बारा व्होल्ट, एक अँपिअर. गुणाकार करा.” गुणाकार बारा वॉट. आत बारा वॉट जात असताना बाहेर हजार वॉट सतत कुठून येणार? पीएमपीओ हा आकडा कसा मोजायचा याचा एकच सर्वमान्य नियम नव्हता, त्यामुळे कंपनी म्हणेल तो आकडा. खरा आकडा आरएमएसचा.

त्याहून मोठे आश्चर्य पुढे असे. वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॉटला आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल इतका. आवाज दुप्पट झाला असे कानाला वाटायचे असेल तर वॉट साधारण दहापट लागतात. दहा वॉटचा चांगला ॲम्प्लिफायर आणि शंभर वॉटचा ॲम्प्लिफायर यांत फरक एवढाच. उरलेले पैसे चांगल्या स्पीकरवर घाला, हा सल्ला विकणाऱ्याच्या तोंडून येई, याचे मला आजही कौतुक वाटते.

आणि चांगला आवाज ओळखायचा कसा? प्रत्येक शौकिनाची परीक्षा वेगळी. कोणी घुंगरू ऐकून ठरवी, कोणी ढोलकी. जाणकार मात्र तानपुरा लावायला सांगत. तानपुऱ्याच्या एका तारेतून मूळ स्वराबरोबर वरचे कितीतरी उपस्वर निघतात. जवारीची सगळी जादू त्यात आहे. स्पीकर बेइमान असेल तर त्या तारा एकमेकींत मिसळून नुसती गुणगुण उरते. स्पीकर खरा असेल तर प्रत्येक तार वेगळी उभी राहते. ज्याने आयुष्यात कधी शास्त्रीय संगीत ऐकले नाही, त्यालाही हा फरक पाच मिनिटांत कळतो. कान सगळ्यांनाच असतात, त्यांना कोणीतरी बसवून ऐकवावे लागते.

श्रोतेहो, पुढची गोष्ट थोडी कडू आहे. गाव बदलले, मिरवणुका वाढल्या आणि मोठ्या आवाजाची मागणी चांगल्या आवाजावर मात करून गेली. भोंग्यांच्या जागी स्पीकरच्या भिंती आल्या. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी या भिंतींना ‘डॉल्बी’ म्हणतात. यात केवढा विनोद आहे पाहा. रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याने १९६५ साली कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट घटवण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, त्याचेच नाव आपण गोंगाटाला दिले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीला सरकार काही मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, तेवढेच. नियम आहे, पण मिरवणुकीत छातीचे हाड हलते तेव्हा तो कुठे असतो हे आपण सगळे जाणतो. कानाच्या आतल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ज्या पोराचे कान विसाव्या वर्षी बधिर झाले, त्याला तानपुऱ्याच्या चार तारा कोण वेगळ्या करून दाखवणार?

दुसरीकडे घरातला आवाज लहान झाला. कॅसेट गेली, सीडी आली आणि गेली, मग मेमरी कार्ड, मग मोबाईल. आज जगातले जवळजवळ कोणतेही गाणे खिशात आहे. मी याला वाईट म्हणणार नाही. एके काळी एका रेकॉर्डसाठी नागपूरला जावे लागे, आज खेड्यातला मुलगा हवे ते गाणे क्षणात ऐकतो. चांगल्या इअरफोनमधला आवाज तर आमच्या माठापेक्षा किती तरी साफ. गेले ते बाकडे. प्रत्येकाच्या कानात स्वतःचे गाणे आहे आणि दुसऱ्याचे ऐकून घेण्याची गरज कोणालाच उरलेली नाही. दुकाने आहेत, पण त्यांत मोबाईलची कव्हरे, सीसीटीव्ही कॅमेरे आणि डीजेचे सामान. सोल्डरिंग करणारे जुने हात आता थकले आहेत. त्यांच्या मुलांनी हा धंदा घेतला नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही.

आता ते राहिलेले काम. आपल्या घरात माळ्यावर, ट्रंकेत, कपाटाच्या तळाशी जुन्या कॅसेटी पडल्या असतील. सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेटींची काळजी करू नका. ती गाणी दुसरीकडे सुरक्षित आहेत. पण काही कॅसेटी अशा असतील, ज्यांची जगात दुसरी प्रत नाही. आजोबांनी म्हटलेली आरती, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, गावच्या भजनी मंडळाची एकादशीची बैठक, सप्ताहातले कीर्तन, गावच्या शाहिराचे कवन, जयंतीला गायलेली भीमगीते, उरुसातली कव्वाली, परगावी असलेल्या मुलाला पत्राऐवजी बोलून पाठवलेली कॅसेट. आमच्या भागातली बोली, आमचे गळे, आमच्या चाली त्यांत आहेत. कोणत्याही कंपनीने त्या कधी काढल्या नाहीत आणि काढणारही नाही.

अशा एखाद्या ध्वनिमुद्रणाचे मोल काय असते? गाडगे महाराजांचे उदाहरण घ्या. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित केले गेले. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २० डिसेंबरला बाबा गेले. बाबांविषयी पुस्तके पुष्कळ आहेत. पण ते प्रश्न विचारून लोकांना कसे बोलते करत, त्यांची वऱ्हाडी कशी वळत होती, हसवता हसवता ते एकदम कसे कठोर होत, हे पुस्तकातून कळत नाही. ते आज आपल्याला कळते, कारण कोणीतरी त्या दिवशी तिथे यंत्र नेऊन ठेवले आणि पुढे कोणीतरी ती टेप सांभाळली. मुंबईत १९९० साली जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था काढली. डॉ. सुरेश चांदवणकरांसारख्या व्यासंगी माणसांनी तिच्यामार्फत जुन्या ध्वनिमुद्रिकांची माहिती जपली. पण रेकॉर्ड निदान शेकड्यांनी छापल्या जात. आपल्या घरातली कॅसेट एकुलती एक आहे.

कॅसेट ही चीज नाजूक. आतली पट्टी चार मिलिमीटरहूनही अरुंद, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने सरकणारी. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर. पावसाळ्यात त्यावर बुरशी येते, आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात प्लॅस्टिक वाकते, पट्टीला हेडवर टेकवून धरणारा छोटासा बनातीचा तुकडा गळून पडतो. आणि टेप-रेकॉर्डरमधला रबरी पट्टा तर काही वर्षांत डांबरासारखा वितळून चिकटतो. म्हणून बंद पडलेला जुना टेप काढून त्यात लगेच कॅसेट घालू नका. पट्टी गुंडाळून बसेल आणि आजीचा आवाज कायमचा जाईल.

इथे आपला तो जुना दुकानदार लागतो. त्याच्याकडे जा. रबरी पट्टा बदलणे, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून हेड पुसणे, गळलेला बनातीचा तुकडा पुन्हा चिकटवणे, तुटलेली पट्टी जोडणे हे त्याच्या हातचे काम आहे. आणखी एक गोष्ट फक्त त्यालाच जमेल. प्रत्येक टेपच्या हेडचा कोन किंचित वेगळा असतो. ज्या यंत्रावर आवाज भरला त्याचा कोन आणि ज्यावर वाजवतो त्याचा कोन जुळला नाही, तर आवाज ब्लँकेटमधून आल्यासारखा येतो. हेडशेजारचा छोटा स्क्रू पाव-अर्धा आटा फिरवत, कान देऊन, शब्द स्वच्छ उमटेपर्यंत तो कोन जुळवायचा असतो. त्याला मशीन नको, पन्नास वर्षे मुरलेला कान हवा. असा कान आमच्या तालुक्यात आता किती जणांकडे उरला असेल?

मग संगणकाचे काम घरातली मुले करतील. टेपच्या इअरफोनच्या भोकातून संगणकात वायर जोडायची आणि आवाज भरून घ्यायचा. पहिली प्रत एमपी-३मध्ये करू नका, कारण त्या पद्धतीत जागा वाचवण्यासाठी आवाजाचा काही भाग टाकून दिला जातो. मूळ प्रत डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा. दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. कोण गात आहे, कोणते गाव, कोणते साल, हे सांगू शकणारी माणसे आहेत तोवर लिहून ठेवा. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, त्या मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. आणि दुकानदाराने पैसे नको म्हटले तरी त्याला त्याच्या कामाचे पैसे द्या.

शाळा, ग्रंथालये, गणेश मंडळे, भजनी मंडळे यांनी एकेका गावाचे असे काम अंगावर घेतले तर एका उन्हाळ्यात पुष्कळ होईल. मिरवणुकीच्या एका रात्रीच्या भाड्यात गावातल्या सगळ्या जुन्या कॅसेटी वाचू शकतील. दुकानात बसून एकदा सगळ्यांनी मिळून त्या ऐकाव्यात, अशी माझी विनंती आहे. ज्यांचा आवाज त्यात आहे त्यांची नातवंडे समोर बसलेली असतील, आणि कदाचित त्यांना पहिल्यांदाच कळेल की आपले आजोबा सुरात होते.